हे पित्या, पत्ता अपुरा

त्या रविवारी थोरलीने प्रार्थना कायमची सोडली. पण हे वाक्य तूर्त कुणी वाचलंच नाही असं धरून चालू. थोरली स्वतःही तसंच धरून चालली होती.

तर रविवार होता, चहा झाला होता, आणि अकरा वर्षांच्या नेमाप्रमाणे थोरली टेबलाजवळ गुडघे टेकून, डोळे मिटून, वरच्या मजल्यालाही आध्यात्मिक लाभ व्हावा अशा खणखणीत आवाजात म्हणत होती, "हे पित्या! ज्यांनी ठरलेलं लग्न मोडून म्हाताऱ्या माणसाची सेवा पत्करली, त्यांच्या अंतःकरणातलं दुःख तुझ्याशिवाय कोण जाणणार...!"

समोर खुर्चीत बाबा होते. प्रार्थनेचं तोंड त्यांच्याकडेच होतं. लग्न ठरलेल्या दातांच्या डॉक्टरला तिने बाबांसाठी नकार दिला होता, आणि त्यानंतर दाढ कितीही ठणकली तरी ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली नव्हती, एवढी तिची निष्ठा! बाबांनी एकदा, एकदाच, "पोरी, माझ्यासाठी फार सोसलंस" म्हणावं, या एका तहानेने तो व्याकूळ जीव रोज गुडघ्यांवर येत होता...

"ताई, थांब," दोन दिवसांसाठी आलेली धाकटी म्हणाली. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची तिची लहानपणापासूनची खोड. "बाबांनी कानातलं मशीन बंद केलंय."

थोरलीने डोळे उघडले.

"आमेन," बाबा म्हणाले.

धाकटीने त्यांच्या कानामागचं बटण दाबलं. "बाबा, ताईच्या प्रार्थनेला मशीन बंद करता तुम्ही?"

"रोजच. पहिल्या दिवसापासून. तिने डोळे उघडले की आमेन म्हणतो."

"अकरा वर्षं!" थोरली म्हणाली. "एक शब्दही नाही ऐकलात, बाबा?"

"अगं, ऐकू कसा?" बाबा ओशाळले. "दुसऱ्याचं पत्र वाचतं का कुणी? मी आपला सवयीने चर्चला जातो... पण वाटायचं, या घरात एक तरी माणूस त्याच्याशी खरं बोलतंय. तेवढ्यावर जगलो बघ मी! काय मागायचीस गं?"

"तुमची तब्येत," थोरली म्हणाली.

ती टपाल कचेरीत अपुऱ्या पत्त्यांच्या टेबलावर होती. पाकिटावर नुसतं 'बाबांस' लिहिणाऱ्यांच्या अकलेला ती दिवसभर हसायची. 'हे पित्या'! कोणत्या पित्याला? एका पित्याने अदबीने कान मिटले होते, आणि दुसऱ्याला तिने कधी हाकच मारली नव्हती...

धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली. बाबांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. समेट इतका सुंदर झाला, की त्यात थोरलीची गरजच पडली नाही.

"राहिलेली प्रार्थना पुरी कर गं," म्हणत बाबांनी मशीन बंद केलं. धाकटीने शहाण्यासारखे कानांवर हात ठेवले. आता ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, त्या एकाखेरीज. थोरलीने तोंड उघडलं. शब्द आला नाही. तिने वाट पाहिली... अकरा वर्षांच्या त्या वाहत्या वाणीतला एक थेंबही आला नाही!

तिने डोळे उघडले.

"आमेन," बाबा म्हणाले.

सोमवारी कचेरीत तिने पत्ता बदलाचा छापील फॉर्म घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरला:

'अर्जदाराने गेली अकरा वर्षे रोज पाठवलेल्या प्रार्थना अपुऱ्या पत्त्यामुळे चुकीच्या पित्याकडे गेल्या असून, तेथेही त्या उघडल्या गेलेल्या नाहीत. तरी त्या सर्व, मूळ तारखांसह, योग्य पित्याकडे वळत्या कराव्यात. ते शक्य नसल्यास निदान पाठवणाऱ्याकडे परत करू नयेत, ही नम्र विनंती.'