शंभरात अठ्ठावन्न

"धाव?" रुद्र सुतारने विचारलं.

"हो," मोरबाळे सर म्हणाले.

पुढच्या प्रयत्नाला त्याने पुन्हा विचारलं, "धाव?"

"हो."

तिसऱ्यांदाही रुद्रनेच विचारलं. तो कोल्हापूरचा सहायक प्रशिक्षक होता, मुख्य प्रशिक्षक मोरबाळे सरांना विचारणं एवढंच त्याचं काम. "धाव?"

"हो."

समोरच्याचा डाव आधीच ओळखणाऱ्या सांगलीच्या वाचकयंत्राने या वेळी फेक येणार असं छातीठोकपणे सांगितलं होतं, कारण लागोपाठ दोनदा धाव सांगितल्यावर तिसऱ्यांदा तेच सांगायचा धीर माणसाला सहसा होत नाही. सांगलीचे गडी फेक अडवायला मागे पांगले आणि कोल्हापूरचा गडी मधल्या मोकळ्या जागेतून सुसाट सुटला. कोल्हापूरने अंतिम सामना जिंकला. रुद्र ढसाढसा रडला. मोरबाळे सरांनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि झाकण लावलं.

गॅलरीतून त्यांच्या बायकोने, शरयूने, ते झाकण लावणं पाहिलं. तिला काही वाटलं नाही. तीन वर्षांत तिचंही मन बधिर झालं होतं.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कोल्हापुरात असला गैरसमज कुणी खपवून घेत नाही. लंबगोल चेंडूचा हा अमेरिकी खेळ २०४५च्या सुमारास आपल्या कॉलेजांत आला आणि तालमीतल्या धिप्पाड पोरांना कुस्तीखेरीज आणखी एक ठिकाण मिळालं. लोकांनी त्याचं नाव 'आडवा फुटबॉल' करून टाकलं. नियम ढीगभर आहेत, पण आपल्याला एवढेच पुरेत: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि प्रत्येक प्रयत्नाला मार्ग दोनच. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, ती धाव. लांबच्या गड्याकडे भिरकावायचा, ती फेक. धावेत थोडंच मिळतं पण बऱ्यापैकी खात्रीचं. फेकीत एकदम घबाड हाती लागतं, नाहीतर हात हलवत परत यावं लागतं.

नुसती धाव धरली तर समोरचे पुढे येऊन भिंत उभी करतात. नुसती फेक धरली तर मागे पसरतात. म्हणून दोन्ही मिसळायचं. किती मिसळायचं हे गणिताने काढता येतं. एक नेमकं प्रमाण असं असतं, की त्या प्रमाणात खेळलं तर समोरच्याने कितीही अंदाज बांधले तरी त्याच्या पदरात जास्त काही पडत नाही. सांगलीविरुद्ध ते शंभरात अठ्ठावन्न धावा आणि बेचाळीस फेकी असं निघालं होतं.

पण अडचण प्रमाणाची नव्हतीच, क्रमाची होती. प्रमाण पक्कं आणि क्रम मात्र कुणालाही न ओळखता येणारा, अगदी स्वतःलाही, असं असलं तरच गणित चालतं. माणसाला हे जमत नाही. दोनदा धाव झाली की त्याला फेकीची पाळी आल्यासारखं वाटतं. फेक फसली की तो पुढची दहा मिनिटं फेकीला घाबरतो. या सवयी वाचणारी यंत्रं प्रत्येक संघाने गॅलरीत आणून बसवली होती. त्यावर तोड म्हणून फासे, चिठ्ठ्या किंवा यंत्र वापरायचं म्हटलं, तर नियम आडवा यायचा. डाव माणसाच्याच तोंडून यायला हवा. मग डॉ. विभावरी तेरदाळकर यांनी माणसाचाच फासा करून दाखवला.

त्यांचं संशोधन मेंदूतल्या एका लहानशा भागावर होतं. आपण काहीही निवडतो तेव्हा हा भाग तराजूच्या एका पारड्यावर अलगद बोट ठेवतो. आवड, भीती, जुना अपमान, कुणाचा तरी चेहरा, हे सगळं त्या बोटाच्या जोरात असतं. या ओढीला डॉक्टरांनी 'कल' म्हटलं. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी डोक्यावरच्या टोपीतून सोडून त्यांनी तो भाग निजवला. मागे उरली ती फक्त चेतापेशींची आपोआप चालणारी कुजबुज, आणि तिला कुठलाच क्रम नसतो. त्याच टोपीने तिचं प्रमाणही ठरवता येत होतं. समोर अमुक संघ असेल तर अठ्ठावन्न, तमुक असेल तर पंचेचाळीस. या उपचाराला नाव पडलं 'कलमुक्ती'. ऐकून माणसाला मोक्ष मिळाल्यासारखं वाटावं, असं नाव होतं.

शिवतेज मोरबाळे यांनी ती स्वखुशीने करून घेतली होती. त्याआधी तीन वर्षं ते ओळीने अंतिम सामना हरले होते.

पूर्वीचे मोरबाळे म्हणजे जमदग्नीचा अवतार. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे आणि पाच मिनिटांनी स्वतःच उठून जेवायचे. शरयूला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या उशाशी अकरा दिवस बसून राहिले, नर्सशी भांडले, डॉक्टरशी भांडले, ताप उतरला तेव्हा तिच्याशीही भांडले. आता ते भांडत नसत. "चहा टाकू?" म्हटलं की "हो". "साखर घालू?" म्हटलं की कधी "हो", कधी "नाही". एका महिन्यात शरयूने शंभर प्रश्न मोजून विचारले आणि कॅलेंडरवर खुणा केल्या. "हो" सत्तावन्न वेळा आलं. ती कॅलेंडरकडे बघत बसली आणि मग कुकर लावायला उठली.

कलमुक्तीचा तीन हंगामांचा करार सांगलीविरुद्धच्या अंतिम सामन्याबरोबर संपला होता. निजवलेला भाग जागा करता येत होता, पण फक्त येत्या बुधवारनंतरच्या बुधवारपर्यंत, म्हणजे अकरा दिवस. त्यानंतर भोवतालच्या चेतापेशी त्या जागेवरून आपले नवे मार्ग पक्के करून टाकणार होत्या आणि मग टोपीचा उपयोग होणार नव्हता. शरयूला नवरा परत हवा होता. पण कायदा सांगत होता, की माणसाच्या मेंदूत बदल करायचा तर त्याचीच संमती हवी, आणि तीही लागोपाठ तीन दिवस एकच. माणसाने घाईत, रागात, कुणाच्या भिडेखातर हो म्हणू नये म्हणून केलेला हा नियम. ज्यांना मन आहे त्यांच्यासाठी तो उत्तम होता.

ही संमती नोंदवणारी समिती रोज अकराला बसायची. सोमवारी मोरबाळ्यांना विचारलं, "तुमचा कल परत यावा असं तुम्हाला वाटतं?"

"हो."

मंगळवारी तोच प्रश्न. "नाही."

बुधवारी हो. गुरुवारी हो. शुक्रवारी शरयू हात जोडून बाहेरच्या बाकावर बसली होती. आतून आवाज आला, "नाही." शनिवारीही नाही. समितीच्या गृहस्थांनी प्रत्येक वेळी अदबीने नोंद केली आणि त्यांना उद्या यायला सांगितलं.

रविवारी समितीला सुट्टी होती. शरयू मोरबाळ्यांना घेऊन डॉ. तेरदाळकरांच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांना बाहेर खुर्चीवर बसवलं. ते बसले.

"आता उद्या, परवा आणि तेरवा," शरयू म्हणाली. "तीन दिवस राहिलेत, डॉक्टर. तिन्ही दिवस हो यायला पाहिजे. येईल का?"

"पाचात एकदा येतं," डॉक्टर म्हणाल्या. "गणित तेच सांगतं."

"म्हणजे चार वेळा येत नाही."

"हो."

"त्यांना आतून काय वाटतं, ते तरी सांगा की. तुम्ही शिकलेल्या. मला तोंडावरचं काहीच वाचता येत नाही."

"वाचायला तिथे काही नाही, शरयूताई. त्यांना सगळं कळतं. भूक लागते, चटका बसतो, तुम्ही कोण हे माहीत आहे. तुम्हाला त्रास होतोय हेही माहीत आहे. फक्त त्यातलं काही त्यांना ओढत नाही."

"मग तो आकडा वाढवा ना."

डॉक्टरांनी मान वर केली.

"मॅचच्या आधी वाढवत होता, कमी करत होता. सांगलीला अठ्ठावन्न, साताऱ्याला पंचेचाळीस. आता नव्व्याण्णव करा. तीन दिवसांपुरतं. हो म्हणतील, माणूस परत येईल, मग काय ते भांडूदेत माझ्याशी."

"ती संमती त्यांची नसेल. तुमची असेल."

"आणि अठ्ठावन्नवर म्हणत होते ती कुणाची होती वो?"

स्वतःच्या कामाचा डॉक्टरांना अभिमान होता. तीन वर्षं परदेशातून लोक ते बघायला येत होते. या बाईच्या प्रश्नाने मात्र त्यांना त्याच कामाची लाज वाटली.

"मी हे केलं असं कुठे बोलू नका," शेवटी त्या म्हणाल्या आणि मोरबाळ्यांना आत बोलावलं. "सर, टोपी घालू?"

"हो."

पंधरा मिनिटं लागली.

सोमवारी समितीसमोर मोरबाळे "हो" म्हणाले. गृहस्थांनी नोंद केली. घरी आल्यावर शरयूने सवयीने विचारलं, "चहा टाकू?" हो. चहा पिऊन झाल्यावर तिने, काही मनात नसताना, विचारलं, "जरा बोलत बसायचं?"

"हो."

ते समोर बसले. ती दीड तास बोलली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि दीड तास कुणी मध्ये न तोडता तिचं ऐकलेलं तिला आठवत नव्हतं. भाचीच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं, ते बोलली. त्यांनी ताट सरकवलं की तिचाही घास कसा तिथेच राहायचा, ते बोलली. "चुकलं ना तुमचं?" असं विचारून ती थांबली.

"हो," ते म्हणाले.

शरयूला रडू आलं. हे नव्व्याण्णवचं हो आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी रडू आलं आणि बरं वाटलं. संध्याकाळी ती त्यांना रंकाळ्यावर घेऊन गेली.

मंगळवारीही "हो" आलं. आता एकच दिवस उरला. दुपारी आजऱ्याहून शेजारणीचा फोन आला, की शरयूची आई न्हाणीत पडली, मोडलं काही नाही, पण आता एकटीचं निभणार नाही. आईला कोल्हापूरला आणायचं हे शरयू नऊ वर्षं म्हणत होती. "सासू माझ्या घरात राहणार नाही," असं मोरबाळे नऊ वर्षं सांगत होते, आणि का म्हणून विचारलं की आवाज चढायचा. एकदा तर ते घर सोडून दोन दिवस तालमीत जाऊन राहिले होते.

"आईला आणू?" शरयूने विचारलं. "कायमची?"

"हो."

ती गाडी घेऊन गेली आणि संध्याकाळी आईला घेऊन आली. म्हातारी उंबऱ्याबाहेर पिशवी घट्ट धरून उभी राहिली. "जावईबापू, खरंच राहू ना? तुमचा राग नाही ना ओढवायचा?"

"राहू ना?" शरयूने आईचा पहिला प्रश्न तेवढा पुन्हा विचारला.

"हो," ते म्हणाले.

"देवमाणूस," म्हातारी म्हणाली आणि आत आली. तिने भाकरी खाल्ली. तिला मागच्या खोलीत झोप लागली, ती सकाळी सातलाच उठली.

बुधवारी साडेदहाला मोरबाळे आंघोळ करून, शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. आत म्हातारी भाजी निवडत काहीतरी गुणगुणत होती. शरयू पर्स हातात घेऊन दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली.

"आज तिसरा दिवस," मोरबाळे म्हणाले. एसटीची वेळ सांगावी तसं. "अकराला समिती. आज नाही गेलो तर मी असाच राहणार."

त्यांना सगळं कळत होतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. शरयू त्यांच्याकडे बघत राहिली. परत येणारा माणूस उशाशी अकरा दिवस बसणारा होता. तोच माणूस दुपारपर्यंत म्हातारीची पिशवी दाराबाहेर ठेवणारा होता. दोघांतला एकच मागून घ्यायची सोय टोपीत नव्हती. आणि या तीन दिवसांत आपण सुखात होतो, हे तिला आता स्वतःपासून लपवता येईना. तिला स्वतःची भीती वाटली. ती भीती थोडा वेळ राहिली आणि गेली.

तिने पर्स टेबलावर ठेवली.

"आज राहू दे?" तिने विचारलं.

"हो."

अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉ. तेरदाळकरांचा फोन आला. "शरयूताई, कुठे आहात? समिती थांबली आहे. बाराला ते उठतील."

"आम्ही येत नाही, डॉक्टर. त्यांनीच राहू दे म्हटलं."

"तुम्ही काय विचारलंत त्यांना?"

शरयूने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"अजून चाळीस मिनिटं आहेत," डॉक्टर घाईने म्हणाल्या. "आकडा मी बदलला होता, मला माहीत आहे तिथे काय चाललंय ते. त्यांना नीट विचारा. कल परत हवा का, एवढंच विचारा. माझ्यासमोर विचारा."

शरयूने फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्यासमोर धरला.

"अहो," ती म्हणाली, "आहे हे असंच बरं आहे ना?"

"हो," मोरबाळे म्हणाले.

"ऐकलंत ना, डॉक्टर?" तिने विचारलं, आणि फोन ठेवून ती आईला भाजी निवडू लागायला आत गेली.