तिच्या तोंडचं 'नाही'

"हा माझा लोटा इकडं काहून ठेवला वं, जिजा?"

जिजाबाईंनी मान वर केली नाही. हातातल्या बारदानात त्या भराभर वाट्या कोंबत राहिल्या... आणि गोपिकाबाई पदर खोचून तिथंच उभ्या राहिल्या. समोर फरशीवर भांड्यांचे दोन ढीग होते. एक भिलाईला न्यायचा: स्टीलचे डबे, नवा कुकर, पितळी घागर. दुसरा गावाकडं धाडायचा: पोचे आलेली परात, दांडा निखळलेला झारा, काळाठिक्कर तवा, आणि त्या साऱ्या अडगळीच्या डोक्यावर गोपिकाबाईंचा तांब्याचा लोटा अन् त्यांची वाकळ!

मनोहरराव हे गोपिकाबाईंचे धाकटे दीर, जिजाबाईंचे यजमान. गेल्या महिन्यात ते कचेरीतून निवृत्त झाले होते, रामदासपेठेजवळचं हे सरकारी क्वार्टर आता सोडायचं होतं, आणि एकुलता एक मुलगा चंद्रभान भिलाईच्या कारखान्यात चिकटला असल्यामुळे सारं घर तिकडं जायचं ठरलं होतं. सारं घर! त्या साऱ्या घरात आपण धरलेल्या नाही, हे गोपिकाबाईंना आज एका लोट्यानं सांगितलं.

"त्याचं असं हाय, वहिनी," मनोहरराव वर्तमानपत्राच्या आडून बोलले, "तिथं खोल्या दोनच. परका मुलूख, तुमचं मन लागणार नाही. अन् गावाकडं आपल्या भाऊबंदातल्या नत्थूची बायको वारली, लेकरं लहान हायेत, त्यालेबी आधार होईन. म्हणून दिवाळीत भिलाईले गेलो तवाच चंद्रभानले सांगून टाकलं, का बाबू, तुझी मोठी माय भिलाईले येत नाही म्हणते."

"मी म्हणते?"

"म्हणजे... तुमच्या मनातलं ओळखलं मी."

धन्य ते ओळखणं! वीस वर्षांत ज्या माणसाला वहिनीला भाजीत तिखट जास्त लागतं का कमी, हे ओळखता आलं नाही, त्याला एकदम तिचं मन ओळखू आलं! गोपिकाबाईंचा नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला. पुढं जिजाबाईंच्या छातीत दुखणं निघालं, त्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं, आणि दीड वर्षाचा चंद्रभान सांभाळायला म्हणून गोपिकाबाई गावाहून नागपुरात आल्या, त्या इथल्याच झाल्या. घरची मंडळी अंबाझरीच्या तलावावर सहलीला डबे घेऊन जायची. डबे भरायच्या गोपिकाबाई. मंडळी सिनेमाला जायची, रामटेकच्या जत्रेला जायची, आणि दारातून निघताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "घर राखाले बाई हायेतच ना!" महाराजबागेत पिंजऱ्यातल्या वाघाची डरकाळी पहाटे त्यांच्या चुलीपर्यंत ऐकू यायची, पण तो वाघ काळा की गोरा, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं... पण ते त्यांनी गालावर उतरू दिलं नाही. लोटा उचलून त्यांनी चुलीजवळ जागच्या जागी ठेवला.

"निघाले किती दिवस हायेत, भाऊजी?"

"आठ. चंद्रभान येईन घ्याले."

"मंग आठ दिवस सैपाक जिजा करन. मी नागपूर पाहून घेते."

वर्तमानपत्र खाली आलं. "कोणासंग?"

"माझ्यासंग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारीचं धुतलेलं लुगडं नेसून, पायात जिजाबाईंच्याच जुन्या चपला अडकवून गोपिकाबाई निघाल्या, तेव्हा मनोहरराव दारात आडवे आले. "अवं वहिनी, अन् घरी कोण राहीन? जिजाले बाजारात जायचं हाय."

"तुमी हाय ना! रिटायर झाले आता. घर राखाचं काम सोपं असते, नुसतं बसून राहाचं. तुमीच तं म्हणत होते."

आणि त्या गेल्या! टेकडीच्या गणपतीला गेल्या, पण मागणं काहीच मागितलं नाही. "पाहाले आली तुले, बस," एवढंच म्हणाल्या. मग बर्डीच्या रस्त्यानं दुकानं बघत बघत चालल्या. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर आधी "माफ करा" त्या म्हणत, नंतर नंतर "दिसत नाही का गा?" म्हणू लागल्या. भुकेची वेळ झाली तशी एका हॉटेलात शिरल्या. पोऱ्यानं पडद्यामागची बायकांची खोली दाखवली आणि विचारलं, "संग कोण हाय, मावशी?"

"कोणी नाही. अन् पडद्यामागं नाही बसत मी. अठीच बसते, रस्ता दिसते इथून."

त्यांनी तर्री-पोहे मागवले. आयुष्यात दुसऱ्या कुणी रांधलेलं, बसल्या जागी पुढं आलेलं, गरम गरम! पहिल्या घासाला तिखटानं ठसका लागला की दुसऱ्या कशानं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पण प्लेट त्यांनी पुसून खाल्ली.

मग रोजच जाऊ लागल्या. एके दिवशी फुटाळा तलावाच्या पाळीवर बसून संत्री सोलून खाल्ली, आणि सालं कुणासाठी वाळवायला न ठेवता सरळ टाकून दिली. एके दिवशी सिटी बसमध्ये बसल्या, शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि त्याच बसनं परत आल्या, कंडक्टर म्हणाला, काही हरवलं का बाई, तर म्हणाल्या, "हरवलं नाही, पाहून राहिली." एवढ्या मोठ्या शहरात आपण इतकी वर्षं राहिलो आणि ते शहर आपल्याला ओळखतही नाही, याचं त्यांना वाईट वाटलं, मग वाटलं, बरंच आहे, ओळखत नाही म्हणूनच अडवतही नाही. पाय दुखायचे. रात्री वाकळीवर पडलं की ऊर भरून यायचा. आपण ज्याला भरवलं, निजवलं, गोवर निघाला तेव्हा मांडीवरून खाली ठेवलं नाही, त्या चंद्रभाननं 'मोठी माय येत नाही म्हणते' हे ऐकून घेतलं आणि एका शब्दानंही विचारलं नाही?... हा काटा दिवसभराच्या भटकंतीनंही निघत नव्हता.

इकडं मनोहररावांची पाचावर धारण बसली. बाईमाणूस उगाच रोज घराबाहेर पडत नाही, हे त्यांचं गणित. गावाकडच्या घरात आणि वावरात थोरल्या भावाची वाटणी होती, ती आजवर कुणी उच्चारली नव्हती. वहिनी नक्की वकिलाकडं खेटे घालते आहे, अशी त्यांची खात्रीच पटली, आणि पाचव्या दिवशी त्यांनी जिजाबाईंना वहिनीच्या मागावर धाडलं.

जिजाबाईंना वकील दिसला नाही. महाराजबागेत, वाघाच्या पिंजऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या आपल्या जाऊबाई दिसल्या. वाघ कोपऱ्यात पालथा पडून घोरत होता, आणि गोपिकाबाई त्याला रागं भरत होत्या, "मेल्या, वीस वर्षं माझी झोप मोडली तुनं, अन् आज मी आली तं तू झोपला!"

"बाई..."

गोपिकाबाई वळल्या. जिजाबाईंना धाप लागली होती. तो छातीचा आजार बरा झाला तरी धाप गेली नव्हती. "हे म्हणत होते, तुमी वकिलाकडं जाऊन राहिल्या वाटणीसाठी... म्हणून पाहाले धाडलं मले."

गोपिकाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या पिंजऱ्यातली माकडं ओरडू लागली. "वकील कशाले लागते वं? माझं हाय ते माझंच हाय. भाऊजीले सांग, भ्याले तसे भेत राहा!"

पण जिजाबाई हसल्या नाहीत. त्या मटकन बाकावर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडू लागल्या. "यांच्या मनातलं नव्हतं ते, बाई. मीच... मीच सांगितलं यांले का तुमाले गावाकडं धाडा म्हणून!"

"तू?"

"तीन वर्षं मी तिकडं खाटेवर होती. परत आली तं माझंच लेकरू तुमच्या पदरामागं लपलं. म्हणे, हे बाई कोण हाय? तवापासून मी ते बाईच राहिली! त्याले ताप आला तं तो तुमच्याकडं, परीक्षेत नापास झाला तं तुमच्याकडं. पहिला पगार झाला तवा दोघींले लुगडे आणले त्यानं, पण सांगाले आधी चुलीपाशी तुमच्याकडं गेला. मी पाप केलं, बाई... पण भिलाईत तुमी नसान तं मलेबी एकदा त्याची माय होऊन पाहाता येईन, असं वाटलं मले!"

जिजाबाईंच्या पाठीवर हात ठेवावा असं गोपिकाबाईंना वाटलं, पण ठेवला नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि न उतरलेला राग उतरला असं दाखवणं त्यांनी चार दिवसांपूर्वीच सोडून दिलं होतं.

"तुले माय व्हायचं होतं तं मले मागाचं होतं ना, जिजा! दिलं असतं मी. वीस वर्षं जे मागितलं ते दिलंच ना? पण माझ्या तोंडचं 'नाही' तू चोरून काहून नेलं? तू तिकडं खाटेवर होती तवा सावनेरहून माझ्यासाठी पाटाचा निरोप आला होता, ठाऊक हाय तुले?"

जिजाबाईंनी होकाराची मान हलवली. त्यांच्या समाजात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा, त्यात कमीपणा नव्हता.

"चांगला मास्तर माणूस होता, म्हणत. मी दाराआड उभी होती, चंद्रभान कडेवर. भाऊजी अंगणात त्याइले म्हणाले, आमच्या वहिनी पाट लावत नाहीत. झालं! कदाचित मी नाहीच म्हटलं असतं, लेकरू लहान होतं. पण ते माझं 'नाही' झालं असतं, जिजा! मले तर आजवर ठाऊक नाही का मी काय म्हटलं असतं... मले कोणी विचारलंच नाही!"

शेवटचे शब्द बोलताना त्यांचा आवाज फाटला. पाच दिवस अडवून धरलेलं पाणी आता गालांवरून घळघळ वाहू लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. दोघी जावा त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, खुशाल रडल्या. मग गोपिकाबाईंनी नाक शिंकरलं. "ऊठ. भूक लागली. बर्डीवर भजे मिळतात."

"अन् यांचा सैपाक?"

"पोहे असतात डब्यात. भिजवतीन!"

चंद्रभान रविवारी सकाळी आला. दाराशी पिशवी टाकून तो आधी चुलीकडं गेला... मग मध्येच थांबला. रुसलेल्या पोरासारखा आवाज काढून त्यानं विचारलं, "मोठी माय, तू खरंच म्हटलं का, का भिलाईले येत नाही? दिवाळीपासून मनात हाय माझ्या. वाटलं, तू मले तोडलं. रागानं विचारलं बी नाही मी तुले."

गोपिकाबाईंनी जिजाबाईंकडं पाहिलं. जिजाबाईंचा चेहरा पांढरा फटक पडला होता. मनोहरराव खिडकीबाहेर बघत होते. एका शब्दात त्या मायलेकांची कायमची फारकत करता आली असती!

"हो, बाबू," गोपिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच म्हटलं."

"खोटं हाय ते!" जिजाबाई ओरडल्या. "खोटं बोलून राहिल्या त्या, मले वाचवाले! मी केलं ते, चंद्रभान, माझ्याच डोक्यातून निघालं! तुझी मोठी माय एक शब्द बोलली नव्हती. तुले काय बोलाचं ते मले बोल, पण त्याइले घेतल्याशिवाय इथून हलू नको!"

मनोहरराव उठले, वहिनीच्या समोर आले. आयुष्यात पहिल्यांदा ते वाकले आणि त्यांनी थोरल्या वहिनीच्या पायाला हात लावला. चंद्रभाननं तर त्यांना मिठीच मारली. "चाल, मोठी माय! दोन खोल्या असो का एक. मी बाहेर झोपतो. चाल ना माझ्यासंग! येशीन ना?"

"विचारून राहिला का तू मले?"

"हो! पाया पडून विचारतो."

"मंग ऐक." त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डोळे वाहत होते, पण आवाज ठणठणीत होता. "मी येत नाही."

"मोठी माय!"

"ज्याले विचारलं, त्यालेच नाही म्हणता येते, बाबू. आज तू विचारलं, म्हणून हे माझं 'नाही' हाय. रागाचं नाही. मी गावाकडं जाईन, पण नत्थूच्या चुलीवर नाही. तुझ्या मोठ्या बाबाच्या वाटणीचं घर हाय, वावर हाय. कुलूप काढून तिथं राहीन, माझी चूल मी मांडीन. नत्थूच्या लेकरांले जेवाले बोलवीन, मनात आलं तं! भाऊजी, कागदावर माझं नाव चढवून द्याचं. हे मागून नाही राहिली, सांगून राहिली."

"चढवतो, वहिनी," मनोहरराव पुटपुटले.

सोमवारी एस.टी. स्टँडवर तिघंही पोचवायला आले. काटोलची गाडी लागली. जिजाबाईंनी आपल्या नव्या चपला काढून बळेच गोपिकाबाईंच्या पायांत घातल्या आणि स्वतः अनवाणी उभ्या राहिल्या. बोलायचं सगळं महाराजबागेत बोलून झालं होतं. गोपिकाबाई खिडकीशी बसल्या. गाडी हलली, तसा इतका वेळ ओठ दाबून उभा असलेला चंद्रभान एकदम फुटला आणि लहानपणी फक्त त्यांनाच मारायचा तशी त्यानं हाक मारली...

"माय!"

गोपिकाबाईंचा सारा जीव ओठांपर्यंत आला. त्या हाकेला त्यांनी झोपेतून उठून ओ दिली होती, भरल्या ताटावरून उठून ओ दिली होती! त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला, दात दाबले आणि नजर समोर लावली. त्यांनी ओ दिली नाही... गाडी फाटकाकडं वळता वळता मागून जिजाबाईंचा भरलेला, घाबरलेला आवाज त्यांच्या कानावर आला.

"काय रे, बाबू? हे पाह्य, मी हाय."

गोपिकाबाईंनी वळून पाहिलं नाही. पदरानं तोंड पुसेपर्यंत कंडक्टर येऊन उभा राहिला होता. "कुठी जायचं, बाई?"

"घरी," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून त्यांनी गावाचं नाव मोठ्यानं सांगितलं आणि तिकिटासाठी हात पुढं केला.