खारीचा हात

"सार्जंट, आमच्या खारीने चोरी केली," फोनवर फिन्टन ग्रोगन म्हणाला, आणि सार्जंट इमेल्डा क्विल्टीने हातातला चहा खाली ठेवला.

किलब्रॅक गावच्या पतसंस्थेला तरुण सभासद मिळेनात, म्हणून हा फिन्टन मोठ्या पगारावर प्रचारप्रमुख म्हणून आणला होता. वय बावन्न, पायात पोरांचे बूट, तोंडी पोरांची भाषा, शुद्ध म्हातारचळ. त्याने कचेरीत रंगीत गाद्या पसरल्या आणि माणसाने अंगावर चढवायचा खारीचा वेष शिवून घेतला. तरुणांना कर्ज मात्र पूर्वीइतकंच मिळत होतं, म्हणजे मिळत नव्हतं.

आज पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे लहान मुलांच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीचा शनिवार. पांढऱ्या झग्यांतल्या मुली आणि टाय लावलेली मुलं नातेवाइकांनी दिलेल्या नोटा खात्यात भरायला आली होती. त्यांच्यासाठी सोडत होती, बक्षीस बारा टॅब्लेट. सोडतीच्या तोंडावर टॅब्लेटांची पेटी गेली, आणि ती घेऊन मागच्या दाराने निघालेली खार दोघांनी पाहिली. खारीचा वाटा सगळ्यांनी ऐकलेला असतो. हिने सगळी पेटीच उचलली.

वेष घालायचं काम एकोणीस वर्षांच्या डेर्व्लाचं. रडून तिचे डोळे सुजले होते. तिला लिमरिकला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्याला पोलिसांचा दाखला लागतो. चोरीचा डाग लागला की ते दार बंद.

"वेष कधी काढलास?"

"उकडत होतं. अध्यक्ष मॅलकीकाका सगळ्यांदेखत म्हणाले, जा, वारा खाऊन ये. मी वेष खुंटीला लावून गेले. आले तेव्हा खाली पडला होता."

"बाहेर तुला कुणी पाहिलं?"

"नदीकाठी एकटीच बसले होते."

अध्यक्ष मॅलकी क्यूसॅक सत्तरीचे. ते सारा वेळ मंचावर मुलांना गल्ले वाटत होते, हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं. त्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला: आजकालच्या पोरांना लाज नाही. पेटी सकाळी फिन्टननेच आणली होती आणि कुणाला हात लावू दिला नव्हता, एवढं मात्र कामाचं सांगितलं. फिन्टन वरच्या मजल्यावर एकटाच तरुणांसाठी व्हिडिओ काढत होता. "पोरीला आम्ही गाडीसाठी कर्ज नाकारलं, त्याचा राग असणार," तो खोट्या हळहळीने म्हणाला. इमेल्डाला त्याची शिसारी आली.

चर्चसमोर मिसेस हॅन्लींचं फुलांचं दुकान आहे. इमेल्डाने त्यांना खारीबद्दल विचारलं.

"बघितली की. बगलेत पेटी मारून ऐटीत चालली होती. चर्चसमोर आली तशी दुसऱ्या हाताने क्रुसाची खूण केली हो! म्हटलं, खार असून रीत पाळते. माझी नातवंडं मानसुद्धा वळवत नाहीत."

इमेल्डा हसली. मग हसायची थांबली.

तिने तिघांनाही जबाबासाठी चालत ठाण्याकडे नेलं. वाट चर्चवरूनच जाते. डेर्व्ला मान खाली घालून सरळ पुढे गेली. मागे फिन्टन तरुणांचं मन कसं ओळखावं यावर मॅलकींना व्याख्यान देत होता. चर्च आलं, आणि बोलता बोलताच त्याचा हात कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लागला.

"थांबा," इमेल्डा म्हणाली. "डेर्व्ला, इथून जाताना तू क्रुसाची खूण करतेस?"

"मी? शाळेपासून नाही."

"खारीने केली. ही सवय आपल्या वयाची, फिन्टन. मॅलकीही करतात, पण ते मंचावर होते. आणि बारा टॅब्लेटांची पेटी उचलायला दोन्ही हात लागतात. खारीचा एक हात देवासाठी मोकळा होता, कारण पेटी रिकामी होती. तू टॅब्लेट विकत घेतलेच नाहीस. सोडतीत पेटी उघडली असती तर तुझं बिंग फुटलं असतं, म्हणून पोरीच्या गळ्यात चोरी बांधलीस. त्यांचे पैसे कुठे गेले?"

फिन्टनने बुटांकडे पाहिलं. "पोर्तुगालला... तरुणाईवरचं शिबिर होतं."

"गोल्फचं," मॅलकी पुटपुटले. त्यांना फिन्टनने तिथून पाठवलेले फोटो आठवले असावेत.

इमेल्डाने फिन्टनचा दंड धरला. मॅलकी डेर्व्लाकडे वळले. "चुकलंच, पोरी. पुढच्या शनिवारी ये, खार तुझीच."

"आणि गाडीचं कर्ज?"

"त्याचे नियम असतात. समितीपुढे ठेवू..."

"मग माझं खातं बंद करा, काका. आणि खार तुम्हीच चढवा. तरुण दिसाल."

ती बसथांब्याकडे निघाली, चर्चसमोरून, दोन्ही हात खिशात घालून.