बावन्न गुण मिळाले, तरी नापास?

बेरीज झाली, निम्मी केली, साडेसत्तावन्न! अकरा वर्षांच्या शाल्मलीने बोटांवर हिशेब केला आणि सोयाच्या दुधाच्या पेढ्यांचा डबा घेऊन ती चांद्रवसाहतीतल्या बारा घरांत वाटूनही आली. तिचा विहंगदादा कॉलेजात हवा-दुरुस्ती शिकत होता. वर्षभराच्या कामात त्याला ८५ टक्के, अंतिम परीक्षेत ३० टक्के. पास व्हायला चाळीस पुरतात, मग आणखी काय हवं?

घरी येऊन तिने भिंतीवरच्या पडद्यावरचा निकाल नीट वाचला. एकूण ५२. अनुत्तीर्ण.

तिचं तोंड एवढंसं झालं. उतावळेपणावर अजून चंद्रावरही औषध निघालेलं नाही.

दादा आला तोच बॅग भरायला लागला. "मी पुढच्या यानाने सोलापूरला जातो. हा विषय सुटल्याशिवाय इथे मला कुणी काम देणार नाही. वर्ष फुकट गेलं!"

शाल्मलीला रडूच फुटलं. दादाशिवायचं घर तिला नको होतं.

"थांबा जरा," कोपऱ्यातून गणोबा म्हणाला. हा कॉलेजातून निवृत्त झालेला जुना यंत्रमानव. चार्जिंगपेक्षा शिकवण्याचीच त्याला भूक जास्त. "शाल्मलीबाई, तुम्ही सरळ सरासरी काढलीत. पण इथे दोन्ही भागांना भारांक आहे (भारांक म्हणजे एकूण शंभरात त्या भागाचा वाटा). वर्षभराच्या कामाचा चाळीस, परीक्षेचा साठ. चाळिसाचे पंच्याऐंशी टक्के किती?"

"चौतीस."

"साठाचे तीस टक्के?"

"अठरा. म्हणजे बावन्न! पण गणोबा, बावन्नसुद्धा चाळीसच्या वरच आहेत की!"

"इथेच तर मेख आहे. नुसत्या परीक्षेतही चाळीस टक्के लागतात. ही किमान गुणांची अट (दुसरीकडे कितीही मिळवा, इथे एवढे हवेतच)."

"ही कसली दादागिरी?"

"वर्षभराचं काम गटात होतं. मित्र सांगतात, मीही सांगायचो. पण एखाद्या खोलीतली हवा गळू लागली आणि आत विहंग एकटाच असला, तर? परीक्षा तेवढंच बघते."

दादाचे हात थांबले. "मला सगळं येत होतं गं," तो हळूच म्हणाला. "एकटा बसलो आणि घाबरलो."

"मग दहा टक्क्यांचाच प्रश्न आहे," गणोबा म्हणाला. "तुझे चौतीस कुठे जात नाहीत. तीन आठवड्यांनी फक्त परीक्षा पुन्हा दे. चाळीस टक्के पडले तर साठातले चोवीस. चौतीस आणि चोवीस?"

"अठ्ठावन्न!" शाल्मली डोळे पुसत ओरडली.

दादा उठला आणि सरावाच्या खोलीत एकटाच गेला. शाल्मली काचेबाहेर उभी राहिली. गणोबाने बाहेरून एक नळी सैल केली आणि आत हवा फुसफुसू लागली. गळती थांबवायला दादाने एक चाक फिरवलं. चुकलं. दुसरं फिरवलं, तेही चुकलं. कुठलं फिरवायचं ते शाल्मलीने शंभरदा पाहिलं होतं: खालचं, पिवळं. दादाने तिच्याकडे पाहिलं. तिचं बोट वर उठलंसुद्धा होतं.

तिने ते मुठीत धरलं आणि दादाकडे पाठ फिरवली.

बराच वेळ फुसफुस चालू राहिली. मग थांबली.

"शाल्मली!" आतून दादा काच ठोठावत होता. "मला कुणी सांगितलं नाही! कुणीच नाही!"