लोकरीच्या बोंडांच्या काठ्या

सगळ्या थळ गावात काष्ठतरंग फक्त आमच्या घरात. लाकडी पट्ट्यांचं वाद्य, काठ्यांनी वाजवायचं. आधी आमचे हे हळदीला वाजवायचे, आता नात हेमाली वाजवते. काठ्या कुठल्या घ्यायच्या ते मात्र मीच सांगणार. काठीच्या टोकाला बोंड असतं; बारीक पट्टीला कडक बोंड, जाड पट्टीला मऊ. दुसरं कुणी सांगायला आलं की मी त्याला चहा पाजून वाटेला लावते.

मुंबईच्या एका वाद्यवृंदानं हेमालीला परीक्षेला बोलावलं होतं. पास झाली तर कायमची नोकरी. आदल्या दुपारी आम्ही ओटीवर काठ्या ठरवायला बसलो.

रबरी बोंडानं तिनं शेवटची जाड पट्टी वाजवली. शेजारची मनुबाई दार उघडून बाहेर आली.

"कोन ठोकतंय गो दार?"

"तुझ्या दारात कोन येतंय? तोंड धू, झोपेत हाईस."

मग सुती बोंड. मनुबाई समोरच उभी होती, तिला या वेळी दार ठोकल्यासारखं वाटलं नाही. गल्लीच्या टोकाला भागोजीनं दार उघडलं, इकडं-तिकडं बघितलं. परत वाजवायला लावली. परत भागोजीच बाहेर. मनुबाई आत गेली आणि कडी लावून घेतली.

हेमालीनं काठ्या खाली ठेवल्या. "आजी, बोंड जितकं मऊ, तितकं लांबचं दार. उद्या तिथं असं झालं तर?"

"काय व्हत न्हाय. अजून मऊ करू."

जुना स्वेटर उसवून मी लोकरीची बोंडं गुंडाळली. पट्टी काय गोड बोलली! गल्ली फिरून आले. एकही दार उघडलं नव्हतं.

"ह्याच ने," मी म्हटलं.

सकाळी ती मांडव्याहून बोटीनं गेली.

दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. समोर माझ्या जावेचं, तुळशीचं घर. ती वारल्यापासून बंद. मान वर केली तर दार सताड उघडं. आत जाऊन बघितलं, कुणी नव्हतं. दार ओढलं, बाहेरून कडी घातली, कडीला तारेचे पीळ दिले. वाऱ्यानं उघडलं असेल.

मग फोन आला.

"आजी, घेतलं मला! त्यांनी ती जाड पट्टीच परत परत वाजवायला लावली."

"मी सांगितलं व्हतं."

"आता रोज ह्याच काठ्या. थांब, वाद्यापाशीच हाय, तुला ऐकवते."

"नको," मी म्हटलं.

"ऐक गं. काठ्या पिशवीतच हायेत, काढते."

समोर तार पायरीवर पडली.

दार उघडलं.

"हां," हेमाली म्हणाली, "आता वाजवते."