पुढचा माणूस

मोनालीने मोबाईल हँडलवरच्या स्टँडमध्ये घट्ट बसवला, नकाशात पनवेल स्टेशन टाकलं आणि धाकट्या भावाला, कुंदनला, मागे बसायला सांगितलं. मोटरसायकल त्याचीच, पण नडगीचं हाड चिरल्यापासून ती चालवायला त्याला मनाई होती. ओवे गावातल्या घराच्या ओट्यावर आई पदराने डोळे पुसत उभी राहिली. आजारपणाची रजा संपली होती. दुपारची गाडी पकडून उद्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं होतं. नाहीतर सैन्यातून कुंदनचं नाव कायमचं कापलं जाणार होतं.

मोनाली कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि कमीच बोलायची. कामोठ्यापर्यंत रस्ता मोकळा होता.

कळंबोलीच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे सर्कलवर टँकर आडवा झाल्याचं एका रिक्षावाल्याने सांगितलं, आणि आता इथेच संसार मांडा, असंही वर ऐकवलं. नकाशावर रस्ता गडद लाल झाला होता. गाडी सुटायला तासभरही उरला नव्हता. तिने तापल्या डांबरावर पाय टेकून इंजिन बंद केलं.

तेव्हा तिला दिसलं, की नकाशावरचा निळा बाण चालला आहे.

बाण म्हणजे आपण. आणि आपण तर उभे आहोत. बाण डावीकडच्या वसाहतीच्या गल्लीत शिरला आणि तोंडाशीच थांबला. उंच इमारतींवर आदळून सिग्नल उशिरा पोचतो, मग जागा चुकते, हे ती दर वर्षी मुलांना समजावायची. तिने मोबाईल बंद करून पुन्हा सुरू केला. बाण गल्लीतच होता.

कुंदन तिच्या खांद्यावरून बघत होता. “त्याच्या मागं चल, ताई.”

दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कडेकडेने वाट काढत तिने मोटरसायकल गल्लीत घातली. ते जवळ पोचताच बाण निघाला, पुढच्या वळणावर गेला आणि थांबला. पुन्हा तेच. सिग्नलची चूक कधी डावीकडे जाते, कधी मागे. ही फक्त पुढे जात होती, आणि तीही भिंतींतून नाही, रस्त्याने. कोपऱ्यातला वेगाचा आकडा मोटरसायकलचा नव्हता. धावणाऱ्या माणसाचा होता.

मागून कुंदन सांगू लागला. नकाशा शिकवताना दोघांची जोडी लावतात. अनोळखी रानात एकाने होकायंत्र धरून उभं राहायचं, दुसऱ्याने पुढे जायचं. मागच्याने हाताने खुणा करून त्याला नेमक्या रेषेवर आणायचं आणि मग त्याच्यापर्यंत चालत जायचं; पोचून हात खाली केला की पुढचा मोकळा. कुंदनच्या जोडीतला पुढचा माणूस नेहमी अपूर्व असायचा, चिपळूणकडचा.

अपूर्व घरात सगळ्यांना माहीत होता. शेवटच्या लांब मार्चमध्ये कुंदनची नडगी गेली, तेव्हा त्याचा पिट्टू, म्हणजे पाठीवरचं सगळं ओझं, अपूर्वने स्वतःच्या पिट्टूवर चढवून घेतलं. कुंदन वाटेत बसला असता तर प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांनी त्याला तिथूनच घरी धाडलं असतं. दोघं पोचले. पोचल्यावर अपूर्व उन्हाने कोसळला, तो केंद्राच्या इस्पितळात अजून शुद्धीवर आला नव्हता. न पाहिलेल्या त्या पोराचं नाव घेतल्याशिवाय आई देवापुढचा दिवा लावत नसे.

“तो असाच थांबायचा,” कुंदन म्हणाला. “मी हात खाली करेपर्यंत जागचा हलायचा नाय.”

मोनालीने पुढचं वळण घेतलं.

खांदा कॉलनीत मोबाईल म्हणाला, सरळ जा. बाण उजवीकडे वळला. ती उजवीकडे वळली.

पुढे रस्ता खणलेला होता. बाण चराच्या पलीकडे उभा होता. चरावर एक फळी टाकलेली होती. दोघांनी उतरून मोटरसायकल त्यावरून ढकलली.

स्टेशनच्या फाटकाशी बाण थांबला आणि मग थांबलाच.

कुंदन उतरला. फाटकासमोरच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून त्याने उजवा हात वर केला आणि सावकाश खाली आणला.

नकाशावरचा बाण मोटरसायकलच्या जागी परत आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. कुंदन हजर झाला होता. उस्ताद फक्त वाढलेल्या केसांवरून ओरडले होते. आणि काल संध्याकाळी अपूर्व शुद्धीवर आला होता. त्याने पाणी मागितलं, आईचं नाव सांगितलं. इकडे आईने देवापुढे साखर ठेवली आणि शेजारी वाटली. मोनालीला बऱ्याच दिवसांनी रडू आलं.

मग कुंदनचा आवाज खाली आला. अपूर्वच्या दोन्ही तळपायांना मोठाले ताजे फोड आलेत, म्हणाला. नर्सबाई सगळ्यांवर चिडल्यात. नळ्या जागच्या जागी होत्या, खाटेवरून कोणी त्याला उतरवलंच नव्हतं.

सकाळी कॉलेजला जाताना मोनाली औषधाच्या दुकानात थांबली. भाजल्यावर लावायचं चांगलं मलम द्या, कुरियरने पाठवायचं आहे, म्हणाली. दुकानदाराने विचारलं, तेलाने भाजलं की वाफेने?

“डांबराने,” मोनाली म्हणाली. “आमच्यासाठी अनवाणी धावला तो.”