शिकवायचं राहिलेलं वाक्य

मी गेले होते भजनाला आणि जाऊन बसले इंग्रजीच्या वर्गात. देवळामागे शेजारी शेजारी दोन खोल्या आहेत, दोन्हींची दारं सारखीच निळी. श्रावणातली संध्याकाळ होती आणि सर इतकी जोराची की छत्री मिटेपर्यंत समोरचं काही दिसेना. आत गेले, तर फळ्यापुढे पांढऱ्या केसांचे एक उंच गृहस्थ आणि बाकांवर दोन तरुण मुलं. माझ्या हातात टाळ. मी मागे वळणार, तोच ते गृहस्थ म्हणाले,

"बसा. टाळ आणलेत ते बरं केलंत. उत्तर बरोबर आलं की वाजवा."

मला हसू आलं — आणि मी बसले.

ते श्यामराव. शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. बाकांवरची मुलं म्हणजे दर्शना, नर्स म्हणून मस्कतला जायची तयारी करणारी, आणि केरू, गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात कामाला असलेला. मी साठी ओलांडलेली, टपाल कचेरीतून निवृत्त, लग्न न केलेली. सगळी आळी मला हेमाताई म्हणते. श्यामरावांनी पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हटलं, आणि ते मला का कोण जाणे, आवडलं.

फळ्यावर एकच क्रियापद होतं, फॉल. काही गोष्टी खरोखर पडतात, काही नुसत्या म्हणण्यापुरत्या, असं ते समजावत होते. मग सावकाश म्हणाले, "अ कोकोनट फॉल्स."

मागच्या अंगणात धप्प आवाज झाला.

आम्ही सगळे हसलो. आता म्हणण्यापुरतं पडणारं सांगतो, म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलं, "नाइट फॉल्स." दिवे गेले. पावसात आमच्याकडे दिवे जातातच, त्यात नवल नव्हतं. अंधारातच त्यांनी तिसरं वाक्य सांगितलं, "सायलेन्स फॉल्स," आणि शेजारचं भजन ओळीच्या मध्यावर थांबलं. पन्हळीचं पाणीही थांबलं. दर्शनाच्या बांगड्या तेवढ्या हळूच किणकिणल्या.

दुसऱ्या दिवशी मी भजनी मंडळातल्या तुळसाला विचारलं, मध्येच का थांबलात गं? ती म्हणाली, कोण थांबलं? आम्ही आरतीपर्यंत म्हणत होतो. मग मी नारळ शोधायला मागच्या अंगणात गेले. नारळ होता, हिरवागार, देठाशी ओला. माड मात्र नव्हता. लहानपणी त्याच माडाच्या झावळ्या मी ओढत घरी नेल्या होत्या. तो वादळात मोडला, तेव्हापासून तिथे उघडं आकाश आहे.

तरी मी जात राहिले. भजनाला मात्र गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. तुळसा म्हणाली, "भजनालाच दुखतात वाटतं गुडघे? वर्गाला बरे चालतात."

वर्ग सुटला की श्यामराव बॅटरी घेऊन मला आळीच्या तोंडापर्यंत सोडत. उजेड माझ्या पावलांपुढे धरत, स्वतः चिखलातून चालत. एकदा विचारलं, या वयात इंग्रजी शिकून काय करणार? मी म्हटलं, भांडेन.

"कुणाशी?"

"मराठीत ज्याच्याशी भांडवत नाही, त्याच्याशी."

बॅटरीचा उजेड जरासा हलला.

पुढे ते वाक्यांत मुलांची नावं घालू लागले. केरू फॉल्स इल, म्हणाले. "काय ओ सर, मीच मिळालो?" केरू म्हणाला. सकाळी तो तापानं फणफणला. बरा झाला, पण वर्गाला परत आला नाही. मग दर्शनाची पाळी. दर्शना फॉल्स अस्लीप. ती बाकावरच झोपली, हाका मारून उठेना. तिचे वडील न्यायला आले तेव्हा डोळे उघडून म्हणाली, मी झोपले कुठे, कुणीतरी माझ्या कानाशी वाक्य पुरं करत होतं. तीही यायची बंद झाली.

श्यामराव आधी हे सगळं हसण्यावारी नेत. आता हसत नव्हते. वर्गात मी एकटी उरले, आणि माझं नाव कधीच कुठल्या वाक्यात आलं नव्हतं. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, वर्ग बंद करतो. केळशीची बहीण कायमचं राहायला बोलावते आहे, इथे थांबायला तसं कारण नाही. हे सगळं ते फळ्याकडे बघून बोलले.

आज गप्प बसले तर हा माणूस जाणार.

"माझं नाव एकदाही घेतलं नाहीत," मी म्हणाले.

"नाही घेतलं."

"का? मी पडण्यासारखी नाही?"

ते हसले नाहीत. हातातला खडू फिरवत राहिले. "एकच वाक्य शिकवायचं राहिलंय, बाई. त्यात तुमचं नाव घालावं असं फार वाटतं... पण इथे म्हटलेलं खरं होऊन बसतं. उद्या तुम्ही हो म्हणालात, तर ते तुम्ही म्हणालात की या खोलीनं म्हणवून घेतलं — मला कसं कळायचं? तसं मिळालेलं घेऊन मी कसा राहू?"

खोलीत आमच्याशिवाय आणखी कुणीतरी कान देऊन उभं आहे, असं वाटत होतं. मला भीती वाटली. तरी मी उठून फळ्यापाशी गेले.

"मग मी म्हणते. हेमा फॉल्स इन लव्ह. श्याम फॉल्स इन लव्ह."

'राव' न लावता त्यांचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं होतं.

आम्ही वाट पाहिली. दिवा तसाच जळत राहिला. शेजारी भजन चालू होतं. पन्हळीचं पाणी त्याच लयीत ठिबकत होतं. आणि कान देऊन उभं असलेलं ते जे काही होतं, ते कंटाळून निघून गेल्यासारखं वाटलं.

"काहीच झालं नाही," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

"कसं होईल? माझं कधीचंच झालंय. खोलीला करायला काही उरलंच नव्हतं." मी थांबले. "तुमचं नावही घेतलं मी. तुमचं काय?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. माझी बोटं खडूनं पांढरी झाली.

"माझंही," ते म्हणाले.

केळशीला फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. बहिणीला म्हणाले, येतो, पण राहायला नाही. आणि एकटा नाही.